बारा वर्षांचा मुलगा

मीं ३५ वर्षें शाळेंत इतिहास शिकविला. बारा वर्षांच्या मुलावर आपण माया करतों, प्रसंगीं त्याला रागें भरतों, त्याच्या हुशारीचें कौतुकही करतों. परंतु त्याच्याशीं बरोबरीच्या नात्यानें बोलत नाहीं. १९५१ सालीं अमेरिकन सेनेटच्या समितीपुढें साक्ष देतांना जनरल मॅकआर्थर यांनीं पराभूत जपानला हीच उपमा दिली. आधुनिक सुधारणेच्या मापानें अँग्लो-सॅक्सन समाज ४५ वर्षांचा मानला, तर जपानी समाज १२ वर्षांच्या मुलासारखा आहे, असें ते म्हणाले. जर्मन लोक प्रौढ, त्यांनीं जाणूनबुजून पाप केलें. जपानी कोवळे, म्हणून वळविण्याजोगे, असा त्यांचा आशय होता. बोलण्यांत द्वेष नव्हता. तरीही जपानी मन दुखावलें. कां दुखावलें, तें पाहूं.

१९१९ सालीं पॅरिसच्या तहपरिषदेंत, राष्ट्रसंघाच्या करारनाम्यांत वंशसमतेचें तत्त्व घालावें, अशी सूचना जपाननें मांडली होती. समितीच्या १७ मतांपैकीं ११ मतें अनुकूल पडलीं. परंतु एकमत नाहीं, या कारणास्तव अध्यक्ष विल्सन यांनीं ती मंजूर केली नाहीं. पुढें १९२४ च्या कायद्यानें जपानी लोकांना अमेरिकेंत वसाहतीस येण्याची बंदी झाली. महायुद्धाचीं कारणें अनेक होतीं: चीनवरील स्वारी, तेलाची टंचाई, लष्कराची सत्तालालसा. परंतु अशा अपमानांनीं त्या लष्कराच्या हातीं आयतें शस्त्र दिलें.

वंशगर्व प्रथम स्वतःलाच आंधळें करतो. जपानी माणसाची दृष्टि अधू, तो विमान काय चालविणार, अशी समजूत कित्येक पाश्चात्य अधिकाऱ्यांत होती. १० डिसेंबर १९४१ रोजीं मलायाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांनीं ब्रिटनच्या दोन बलाढ्य युद्धनौका बुडविल्या, तेव्हां ती समजूतही बुडाली. मग तुच्छतेची जागा भयानें घेतली. १९४२ सालीं अमेरिकेनें सुमारें १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडलें. त्यांपैकीं दोन-तृतीयांश तर अमेरिकेचेच नागरिक होते. जर्मन वंशाच्या साऱ्या समाजाला मात्र असें कोणीं उचललें नाहीं. जर्मनांत चांगले व वाईट असा भेद केला जाई; जपान्यांच्या बाबतींत सारी जातच माकडांची वा किड्यांची म्हणून रंगविली जाई.

जपानचे हात या बाबतींत स्वच्छ होते, असें मात्र कोणीं समजूं नये. आशियाच्या मुक्तीची घोषणा करणाऱ्या त्या राष्ट्रानें यामातो वंश सर्वांचा अग्रणी मानला. १९३७ सालीं नानकिंगमध्यें त्याच्या सैन्यानें भीषण कत्तल केली, आणि १९४० पासून कोरियन लोकांना जपानी धर्तीचीं नांवें घेण्यास भाग पाडलें.

युद्ध संपतांच कालचा राक्षस आज शिष्य झाला. हा पालट चमत्कारिक खरा. पण दोन्ही रूपांत तो खालच्या पायरीवरच उभा होता. या गुरुत्वानें हित झालें, हें नाकारतां येणार नाहीं. १९४६ सालीं जपानी स्त्रियांनीं प्रथमच मतदान केलें, कुळांना जमिनी मिळाल्या, आणि १९४७ च्या राज्यघटनेनें वंशभेदास मनाई केली. परंतु पंचविशीवरील पुरुषांना मताधिकार देणारा कायदा जपाननें १९२५ सालींच केला होता. तेथें पक्ष होते, कामगारसंघ होते. लोकशाहीचा धडा कोऱ्या पाटीवर गिरविला गेला नाहीं.

त्या राज्यघटनेची खरी कसोटी १९५२ सालीं लागली. शांततेचा तह अंमलांत येतांच जपानमध्यें राहणाऱ्या कोरियन लोकांचें नागरिकत्व गेलें. जे जपानच्या सैन्यांत लढून जायबंदी झाले होते, तेही निवृत्तिवेतनास मुकले. अमेरिकेनें छावण्यांच्या अन्यायाबद्दल १९८८ सालीं माफी मागितली व हयात व्यक्तींना प्रत्येकीं २०,००० डॉलर देऊं केले. तोंवर कित्येक जण निवर्तले होते.

पडलेलीं शहरें जपाननें लवकर उभारलीं. मनांतली उतरंड मोडण्यास मात्र जेत्यालाही वेळ लागला आणि जितालाही. आपल्याला कोणीं बारा वर्षांचें म्हटलें, तर राग येणें स्वाभाविकच आहे. आपण कोणाला तसें मानतों, हें पाहणें त्याहून कठीण आहे.