या कार्डाची टोपी त्या कार्डाला

क्रेडिट कार्डावर १ लाख रुपये थकलेत असं धरा. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे ३,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ६३० रुपये. बिलावरची ‘किमान देय रक्कम’ बहुधा थकबाकीच्या पाच टक्क्यांच्या आसपास असते. तेवढे ५,००० भरले, तर ४,१३० व्याज आणि करात जातात, मुद्दल उतरतं ८७० रुपयांनी. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराणा आणि पेट्रोलवरही पहिल्या दिवसापासून मीटर चालू.

किमान रक्कमच भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबेल, असा इशारा बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत बंधनकारक केलं. तो किती जण वाचतात, हा भाग वेगळा. आणि व्याजावर वरून लगाम येईल या आशेवरही राहू नये. वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

नेमक्या अशा वेळी दुसऱ्या बँकेचा फोन येतो. “सर, प्री-अप्रूव्ड बॅलन्स ट्रान्सफर आहे, झीरो पर्सेंट!” व्यवहार साधा असतो: नवी बँक जुन्या कार्डाची थकबाकी भरते आणि ते देणं आपल्या कार्डावर घेते. तेवढी मर्यादा तिथे अडकते, रिवॉर्ड पॉइंट मिळत नाहीत, आणि एकाच बँकेच्या दोन कार्डांत हा खेळ सहसा चालत नाही. बँक हे का करते? तिला चांगली सवय असलेला कर्जदार हवा असतो, आणि ‘चांगली सवय’ म्हणजे हप्ते भरण्याची, पण एकदम सगळं न फेडण्याची.

समजा, हातात तीन प्रस्ताव आहेत. आकडे नमुन्याचे आहेत, पण बाजारातले प्रस्ताव साधारण याच साच्यातले असतात. पहिला: ६० दिवस शून्य टक्के, फी २ टक्के. दुसरा: १२ हप्ते, महिना १ टक्का, ‘फ्लॅट’, फी नाही. तिसरा: १२ हप्ते, महिना दीड टक्का, पण घटत्या शिल्लकीवर, फी १ टक्का.

कानाला तिसरा सगळ्यात महाग वाटतो. आता रुपयांत मांडू. फ्लॅटमध्ये अकराव्या महिन्यात मुद्दल जेमतेम उरलेलं असतानाही व्याज पूर्ण लाखावरच लागतं: वर्षाचे १२,०००, जीएसटी धरून १४,१६०. घटत्या शिल्लकीवर व्याज १०,०१६, त्यावर कर सुमारे १,८०० आणि करासह फी १,१८०. बेरीज १३,००० च्या आत. दीड टक्का एक टक्क्यापेक्षा स्वस्त पडला.

आणि शून्य टक्के? दोन महिन्यांत लाख फेडणार असाल, म्हणजे बोनस येणार आहे किंवा एफडी मुदत संपून हातात पडणार आहे, तर करासह २,३६० रुपयांत सुटका. यापेक्षा स्वस्त काही नाही. पण महिन्याला ९,२०० च भरू शकत असाल, तर ६० दिवसांनी ८१,६०० उरतात आणि त्यांवर पुन्हा साडेतीन टक्के. पूर्ण फिटेपर्यंत खर्च २४,००० च्या वर जातो. जुन्याच कार्डावर वर्षभरात फेडायचं म्हटलं, तर महिन्याला पावणेअकरा हजार भरून सुमारे २८,८०० जातात. म्हणजे सुटका कितीशी झाली? माझ्या मते पगारावर जगणाऱ्या माणसासाठी ‘शून्य’ हाच सगळ्यात फसवा प्रस्ताव आहे.

या यादीत एक चौथा पर्याय कोणी फोनवर सांगत नाही: वैयक्तिक कर्ज. कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो. क्रेडिट कार्डाच्या व्याजावर असतो. १४ टक्के वार्षिक दराने, २ टक्के फी आणि तिच्यावरचा कर धरूनही, वर्षाचा खर्च १०,१०० च्या आसपास. ज्याचा सिबिल स्कोअर शाबूत आहे त्याने आधी इथे विचारावं. स्कोअर घसरलेल्याला मात्र हा दर मिळणं कठीण, तिथे तिसरा प्रस्तावच कामाचा.

रक्कम वळती झाली म्हणजे जुनं कार्ड सुटलं, असंही नाही. पैसे पोहोचायला काही दिवस लागतात. मधे देय तारीख आली तर किमान रक्कम आपणच भरायची. शेवटचं बिल निघाल्यापासून पैसे जमा होईपर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं, काही हजारांचं. ‘हे तर मिटलंय’ म्हणून ते पाकीट न फोडणारे विलंब शुल्क ओढवून घेतात. ते व्याज भरून, शिल्लक शून्य करून मग कार्ड बंद करण्याचा अर्ज द्यावा. देणं बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद केलंच पाहिजे. नाही केलं तर उशिराच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात.