दवाखान्याचा खर्च, सरकारी कार्ड आणि आपली पॉलिसी

महोत्सवी अंकासाठी सर्वांच्या उपयोगी पडेल असे काही लिहावे, अशी सूचना आली तेव्हा आम्ही हा रुक्ष विषय मुद्दामच निवडला. आपल्या बमरोली-पांडेसरा भागातील पुष्कळ कुटुंबे कापडाच्या कारखान्यांवर पोट भरतात, आणि त्यांतील कित्येकांचे मूळ गाव धुळे, जळगाव, नंदुरबारकडचे आहे. अशा घरात मोठे आजारपण आले म्हणजे आधी दागिना गहाण पडतो, मग व्याजाने पैसा येतो आणि शेवटी गावच्या जमिनीवर पाळी येते. ही पाळी टळावी म्हणूनच विमा असतो. गेल्या काही वर्षांतील सुधारणांनी विम्याचे नियम बरेच बदलले आहेत, परंतु त्यांची नीट फोड न झाल्यामुळे “कार्ड निघाले, आता पॉलिसी कशाला?” हा प्रश्न घरोघर ऐकू येतो. त्याचा येथे विचार करू.

विम्याचे तत्त्व भिशीहून फारसे वेगळे नाही. पुष्कळांनी थोडे थोडे द्यावयाचे. भेद इतकाच की भिशीत प्रत्येकाची पाळी येते, विम्यात मात्र आपली पाळी कधीच येऊ नये अशीच इच्छा धरावयाची. हा आधार आपल्याला तीन ठिकाणांहून मिळू शकतो.

पहिला, १९४८ च्या कायद्याने सुरू झालेला कामगार राज्य विमा. दहा किंवा अधिक माणसे कामास असलेल्या कारखान्यात, ठरलेल्या मर्यादेपर्यंत पगार असणाऱ्या कामगारास तो लागू होतो. त्यात किरकोळ तपासणीपासून शस्त्रक्रियेपर्यंत उपचार मिळतात आणि अटी पूर्ण झाल्यास आजारपणातील बुडालेल्या मजुरीचा काही भागही मिळतो. मात्र ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही, त्याला यातले काही मिळणे कठीण. नोकरी सुटली की हा आधारही पुढे सुटतो.

दुसरा, सरकारी कार्ड. गुजरात शासनाने २०१२ साली मुख्यमंत्री अमृतम् योजना सुरू केली. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली. पुढे दोन्हींची सांगड घातली गेली आणि जुलै २०२३ पासून गुजरातेत पात्र कुटुंबास वर्षाला १० लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. ही रक्कम माणशी नसून साऱ्या कुटुंबाची मिळून आहे. या कार्डाचा मोठा गुण असा की आधीपासून असलेल्या रोगासही पहिल्या दिवसापासून उपचार मिळतात. परंतु त्यासाठी योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात दाखल व्हावे लागते. नुसती बाहेरची तपासणी आणि रोजची औषधे यांत येत नाहीत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकास, उत्पन्नाची अट न लावता, ५ लाखांच्या संरक्षणाचे वय-वंदना कार्ड काढता येते. घरात खासगी पॉलिसी असली तरीही.

येथे गावाकडच्या कार्डाविषयी एक सूचना. आयुष्मान योजनेचा लाभ इतर राज्यांतील नोंदलेल्या रुग्णालयांतही घेता येतो; पण केवळ महाराष्ट्र शासनाच्या खर्चाने मिळणारा लाभ सुरतेत उपयोगी पडेलच असे धरून चालू नये. आपले कार्ड कोणत्या योजनेखाली निघाले आहे, हे १४५५५ या क्रमांकावर आधीच विचारून घ्यावे. रेशनकार्डात नव्या सुनेचे व लेकराचे नाव चढले आहे ना, तेही पाहावे. रुग्णालयाच्या खिडकीपाशी हा शोध सुरू करणे फार महाग पडते.

तिसरा आधार म्हणजे स्वतः हप्ता भरून घेतलेली पॉलिसी. हिच्यात अलीकडे झालेले बदल ग्राहकाच्या हिताचे आहेत. एप्रिल २०२४ पासून, पॉलिसी घेण्यापूर्वीच्या रोगासाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबवू शकते. पूर्वी ही मुदत ४८ महिने होती. पॉलिसी सलग ६० महिने चालली, तर त्यानंतर लबाडी सिद्ध झाल्यावाचून, माहिती दडविल्याचे कारण सांगून क्लेम नाकारता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्ती व कुटुंबाच्या आरोग्य पॉलिसीवरील १८ टक्के कर उठला. म्हणजे मूळ हप्ता २०,००० रुपये असेल तर पूर्वी २३,६०० भरावे लागत. कराचे ३,६०० वाचले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, एका गृहस्थाला मधुमेह आहे आणि त्याने दोन वर्षे पॉलिसी चालविली. सरकारी कार्ड हाती येताच त्याने हप्ता बंद केला. पुढे मुलगा कमावता झाला, घरचे उत्पन्न वाढले आणि नव्या दाखल्यावर ते कुटुंब मर्यादेबाहेर गेले. त्याने पुन्हा पॉलिसी घेतली, तर ३६ महिन्यांची मोजणी पहिल्या दिवसापासून होईल; मागे भरलेली दोन वर्षे जमेस धरली जाणार नाहीत. वयही वाढलेले, त्यामुळे हप्ताही चढा. कार्ड हे पात्रतेवर टिकते, पॉलिसी ही सातत्यावर टिकते. हा भेद ज्याने ओळखला त्याला पुढचे सारे समजले.

म्हणून आमची सूचना अशी: जो पात्र आहे त्याने कार्ड अवश्य काढावे. ज्याची जुनी पॉलिसी आहे त्याने, हप्ता झेपत असेल तोवर, ती खंडित करू नये. कंपनी आवडत नसेल तर मुदत संपण्यापूर्वी दुसऱ्या कंपनीकडे बदली मागावी; तसे केल्यास आधीचा काळ हिशेबात धरला जातो. अर्ज भरताना रोग लपवू नये, आणि एजंटाने भरलेला अर्ज वाचल्याशिवाय सही करू नये. क्लेम अन्यायाने नाकारला गेला तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी, नंतर अहमदाबादच्या विमा लोकपालाकडे जावे. तेथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

धर्मादाय संस्थेचा मदतनिधी कितीही मोठा असला, तरी एका मोठ्या शस्त्रक्रियेने तो आटू शकतो. जे घर कार्डाने वा पॉलिसीने सावरेल, त्याच्या वाट्याचा पैसा ज्याला कोणताच आधार नाही अशा विधवेच्या किंवा अनाथाच्या कामी येईल. तेव्हा आपले कागद नीट ठेवणे ही शेजाऱ्याचीही सेवाच होय. ज्यांना अर्ज वाचता येत नाही त्यांच्यासाठी आपल्या शाळा-कॉलेजांत शिकणाऱ्या मुलामुलींनी आठवड्यातून एक तास दिला, तर महोत्सवाचे याहून चांगले सार्थक ते कोणते?