क्रूसाने राखलेल्या शिळा

दारव्ह्याच्या शिवारात बांधावरच्या शेंदूर फासलेल्या दगडाला कुणी नांगर लावत नाही. तो किती जुना, हे कुणी विचारत नाही. त्याला देवपण आहे, एवढं पुरतं. युरोपातल्या प्रागैतिहासिक उभ्या शिळांवर क्रूस कसे आले, हे बघताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. 601 मध्ये पोप ग्रेगरी यांनी इंग्लंडला निघालेल्या धर्मप्रचारक मेलिटसला कळवलं, मूर्ती मोडा, पण देवळं राखा आणि पवित्र जल शिंपडून वापरा. 789 मध्ये फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या फर्मानाने मात्र झाडं, दगड आणि झऱ्यांपाशी दिवे लावण्याची चाल मोडायला सांगितली. तरीही जवळजवळ नऊशे वर्षांनी, 1674 मध्ये, फ्रान्समधल्या ब्रिटनीत सेंट-उझेकच्या सुमारे 7 मीटर उंच शिळेच्या माथ्यावर क्रूस आला आणि अंगावर चंद्र-सूर्य, कोंबडा, प्रार्थना करणारी स्त्री कोरली गेली. याला जुन्या श्रद्धेचा पराभव म्हणतात. मला ते अपुरं वाटतं. शिळेचा दरारा पार संपला असता, तर तिच्यावर एवढी मेहनत कुणी घेतली नसती.

यावर आक्षेप असा की, मधल्या हजारो वर्षांत पूजा अखंड चालली याला पुरावा काय? अखंडतेचा दावा मीही करत नाही. मूळ उभारणाऱ्यांचा हेतू कधीच विसरला गेला असेल; दगड टिकायला नव्या पिढीने त्याला नवा अर्थ देणं पुरेसं होतं. इंग्लंडमधल्या एव्हबरीचं शिलावर्तुळ पाहा. तिथे चर्च वर्तुळाबाहेर राहिलं. चौदाव्या शतकाच्या सुमारास शिळा पाडून पुरल्या गेल्या, अठराव्या शतकात तापवून, पाणी ओतून फोडल्या आणि घरांना वापरल्या. याउलट यॉर्कशरमधल्या रडस्टनची 7.6 मीटरची शिळा चर्चच्या आवारात आजही उभी आहे, आणि तिच्यावर छिन्नी चालवायचीही गरज पडली नाही. कोरीव कामाने मूळ रूप बिघडतं हे खरंच. सेंट-उझेकचा माथा आता परत मिळणार नाही, आणि ती हानी लहान नाही. पण फोडलेल्या शिळेचं रूप शोधायलाही जागा उरत नाही.

आपल्या विदर्भात लोहयुगीन शिलावर्तुळं पुष्कळ आहेत. नागपूरजवळच्या जुनापाणीच्या दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले दिसतात. एकोणिसाव्या शतकातच ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नाकने त्यांची नोंद केली. ही वर्तुळं मृतांची आहेत. त्यांना ना क्रूस मिळाला, ना शेंदूर, म्हणून त्यांची सगळी भिस्त पुरातत्त्व खात्यावर आणि शेजारच्या गावकऱ्यांवर आहे. नोंदीतल्या प्रत्येक वर्तुळाची हद्द सातबाऱ्यावर चढायला हवी, कारण घराच्या पायासाठी दगड उचलणाऱ्याला तो थडग्याचा आहे हे कळायला दुसरी वाट नाही.