बिल्टीशिवाय माल : बिनक्रमांकाचे पार्सल हरवले तर नुकसान कोणाचे?

करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवासाठी ओळखले जाते. मुंबई-सोलापूर लोहमार्गावर जेऊर व कुर्डुवाडी यांच्या दरम्यान हे स्थानक आहे. एका बाजूला पंढरपूर, दुसऱ्या बाजूला तुळजापूर, त्यामुळे हळद-कुंकवाच्या व्यापाराला या पट्ट्यात कधी तोटा पडला नाही. आपल्या समाजातील अत्तार व मणियार बांधवही पिढ्यानपिढ्या याच बाजारांतून व जत्रांतून अत्तर, कुंकू, बुक्का, बांगड्या विकत आले आहेत.

हा माल पूर्वी पोत्यांनी व खोक्यांनी बाहेरगावी जाई. कधी रेल्वेने, कधी हुंडेकऱ्याकडून मालमोटारीने, थोडा असेल तर एस.टी.च्या पार्सलाने. नग एक असो की पन्नास, बिल्टी हातात पडल्याशिवाय व्यापारी तेथून हलत नसे. बिल्टीवर क्रमांक, वजन, नग, पाठवणारा व घेणारा यांची नावे असत. अनेकदा ती बिल्टी बँकेमार्फत जाई व घेणाऱ्याने पैसे भरल्यावरच त्याच्या हाती पडे. माल कोठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे व पैसे कधी मिळणार, या तिन्ही गोष्टी त्या एका कागदाने बांधलेल्या असत.

आता छोटा व्यापारी मोबाईलवर विकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला, ग्राहकाने यूपीआयने पैसे पाठवले, पाव किलोचे पाकीट बांधले, तिकिटे लावली व टपालात टाकून दिले. मोठ्या मार्केटप्लेसवरून विक्री झाली तर ती कंपनीच क्रमांक देते, तेथे हा प्रश्न सहसा येत नाही. प्रश्न येतो तो थेट ऑर्डरीत. पोत्याला बिल्टी मागणारा व्यापारी पाकिटाला मात्र काहीच मागत नाही, कारण पंचवीस-तीस रुपये वाचतात. ही बचत खरी किती व खोटी किती, ते पाहू.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहणे आवश्यक आहे. मालविक्री अधिनियम १९३० च्या कलम ३९ प्रमाणे, करारानुसार विक्रेत्याने ग्राहकाकडे पोचवण्यासाठी माल वाहतूकदाराच्या हवाली केला की तो सकृतदर्शनी ग्राहकाला दिला असे समजले जाते. हे वाचून अनेकांना वाटते की टपालात टाकले, आपले काम संपले. परंतु त्याच कलमाचा पुढचा भाग महत्त्वाचा आहे. मालाचे स्वरूप व इतर परिस्थिती पाहता वाहतूकदाराशी जो वाजवी करार करायला हवा तो विक्रेत्याने केला पाहिजे. तो केला नाही व माल वाटेत गहाळ झाला किंवा खराब झाला, तर ग्राहक म्हणू शकतो की वाहतूकदाराला दिलेला माल मला दिला असे मी मानत नाही, किंवा तो विक्रेत्याकडे भरपाई मागू शकतो. दोन हजारांची वस्तू साध्या टपालाने, पावतीशिवाय पाठवणे हा वाजवी करार होता, असे सांगताना विक्रेत्याची पंचाईत होईल. शिवाय माल वाहतूकदाराला दिला होता हे तरी तो कशाने दाखवणार? टपालात टाकल्याचा स्वस्त दाखला देणारी ‘सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग’ ही सोय पोस्टाने २०११ मध्येच बंद केली.

मार्केटप्लेसवर विकणाऱ्यांना २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांचे बंधन वेगळे आहे. सांगितलेल्या मुदतीनंतर माल पोचला, तरीही विक्रेत्याला तो परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. अपवाद आहे तो फक्त आटोक्याबाहेरच्या आपत्तीमुळे झालेल्या उशिराचा.

शरीयतचा दृष्टिकोन तर याहून कडक आहे. हनफी फिक्हनुसार विकलेली वस्तू ग्राहकाच्या कब्जात जाण्यापूर्वी विक्रेत्याच्या हातात नष्ट झाली तर सौदाच रद्द होतो व घेतलेली किंमत परत करावी लागते. एकोणिसाव्या शतकात उस्मानी राज्याने हनफी मतानुसार तयार केलेल्या ‘मजल्ला’ या संहितेतही हाच नियम आहे. मग प्रश्न उरतो तो एवढाच की कुरिअरवाला किंवा पोस्टमन कोणाचा वकील, म्हणजे प्रतिनिधी? ग्राहकाने स्वतः सांगितले असेल की अमुक कुरिअरकडे माझा माल द्या, तर तो ग्राहकाचा वकील ठरू शकतो व त्याला दिले म्हणजे ग्राहकाला दिले. विक्रेत्याने आपल्या सोयीने, आपल्या पैशाने निवडला असेल तर तो विक्रेत्याचाच माणूस समजणे सावधपणाचे होय. आपल्या विशिष्ट व्यवहाराबाबत मुफ्ती साहेबांना अवश्य विचारावे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे व हातोहात होणाऱ्या रोखीच्या सौद्याला त्यातून सवलत आहे. पैसे आज घेतले व माल आठ दिवसांनी पोचणार, हा सौदा हातोहातचा कसा म्हणता येईल?

आता हिशेब. समजा, एका कुंकवाच्या पाकिटाचे ग्राहकाकडून टपालासह २५० रुपये घेतले. माल १४०, पॅकिंग १०, साधे टपाल ४०, एकूण खर्च १९०, नफा ६०. क्रमांकाच्या सेवेला ३० रुपये जास्त पडतात असे धरले तर नफा ३० वर येतो. नफा निम्मा झाला हे पाहून व्यापारी साधे टपाल निवडतो. यात त्याची चूक आहे असे लगेच म्हणता येणार नाही. पाकीट हरवले तर २५० परत द्यावे लागतात. २५० ला ३० ने भागले तर साधारण आठ येतात. म्हणजे आठ पाकिटांत एक गहाळ होत असेल तरच, निव्वळ आकड्यांत, क्रमांकाची सेवा परवडते. टपाल इतके वाईट नाही. वीसमध्ये एक हरवले असे धरले तरी ६०० रुपये वाचले व २५० गेले. मग हा लेख कशासाठी?

एक तर वस्तूची किंमत वाढली की हिशेब उलटतो. २,५०० रुपयांच्या भरतकामाच्या जोडाला तोच भागाकार केला तर ८३ येतात. त्र्याऐंशीत एक नग गेला की सर्व बचत संपली. परत करावी लागणारी रक्कम भागिले वाचणारा खर्च, एवढे गणित प्रत्येकाने आपल्या प्रत्येक वस्तूसाठी वहीच्या मागच्या पानावर करून ठेवावे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. वरच्या हिशेबात फक्त खरोखर हरवलेली पाकिटे धरली आहेत. परंतु ज्या विक्रेत्याकडे पोचल्याचा पुरावा नसतो, त्याच्याकडे ‘मिळाले नाही’ असे सांगणाऱ्यांची संख्या हरवलेल्या पाकिटांपेक्षा जास्त होऊ शकते. सगळेच लबाड असतात असे नाही. पाकीट वॉचमनने ठेवून घेतले, शेजाऱ्याने घेतले व सांगायचे विसरला, पत्त्यात वाडी चुकली, असेही होते. पण खरा ग्राहक कोणता व खोटा कोणता हे विक्रेत्याला कळण्याचा मार्गच नसतो. खऱ्यावर संशय घेतला तर गिऱ्हाईक तुटते, खोट्यावर विश्वास ठेवला तर माल व पैसे दोन्ही जातात.

तिसरी गोष्ट नव्या काळाची. पैसे दिले व माल आला नाही, अशी तक्रार चिडलेला ग्राहक १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर करू शकतो. तशी तक्रार पोचली की बँक ती रक्कम, कधी कधी संपूर्ण खातेच, गोठवू शकते. ज्याचा कच्चा माल, मजुरी व घरखर्च त्याच एका खात्यातून चालतो त्याच्यासाठी २५० रुपयांचे पाकीट मग २५० रुपयांचे राहत नाही. खाते मोकळे करून घेण्यासाठी पोलिसांपुढे व बँकेपुढे काय ठेवणार? ‘मी टपालात टाकले होते’ हे शब्द, की क्रमांक, तारीख व पोचल्याची नोंद?

असो. आता पोस्टात आजची व्यवस्था काय आहे? १ सप्टेंबर २०२५ पासून देशांतर्गत रजिस्टर्ड पोस्ट ही स्वतंत्र सेवा राहिली नसून ती स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. त्यामुळे खिडकीवर ‘रजिस्टर करा’ म्हणणाऱ्याला स्पीड पोस्टच मिळते. १ ऑक्टोबर २०२५ पासून त्याला दोन जोड-सेवा घेता येतात. ‘रजिस्ट्रेशन’ घेतले तर वस्तू ज्याच्या नावाची त्यालाच द्यावयाची. ओटीपीची जोड घेतली तर घेणाऱ्याच्या मोबाईलवरील आकडा जुळल्यावरच वस्तू त्याच्या हातात पडते. दोहोंचे शुल्क प्रत्येकी ५ रुपये अधिक जीएसटी असे ठरले. शेजाऱ्याकडे किंवा वॉचमनकडे पडून राहणाऱ्या पाकिटाचा तंटा या दहा-बारा रुपयांत मिटतो, हे आमच्या मते या बदलातील सर्वांत कामाचे कलम आहे.

पावतीवरचा क्रमांक १३ चिन्हांचा असतो. आरंभी दोन रोमन अक्षरे, मध्ये नऊ अंक व शेवटी देशाचे ‘आयएन’. तो त्याच दिवशी ग्राहकाला कळवावा. पुष्कळ पावत्या उष्णतेवर छापणाऱ्या कागदावर येतात व काही महिन्यांत कोऱ्या होतात, म्हणून खिडकीवरून हलण्यापूर्वीच फोटो काढावा. पाकिटाचा, पत्त्यासह, दुसरा फोटो.

कुंकवाच्या व्यापाऱ्यांना एक वेगळी सूचना. ही भुकटी अतिशय बारीक असते व पुडी जराशी फाटली तरी सर्वत्र पसरते. दुसऱ्यांच्या टपालाला डाग पडतात हे तर आहेच, पण आपल्या पाकिटावरच्या पट्ट्यांच्या खुणेवर लाल थर बसला की यंत्राला ती वाचता येत नाही. पैसे क्रमांकाचे भरले, पण पाकीट वाटेत बिनक्रमांकाचे झाले! आतली पिशवी उष्णतेने सीलबंद, त्यावर दुसरी पिशवी, मग पुठ्ठ्याचे खोके व पत्त्यावर पारदर्शक चिकटपट्टी, एवढे करावेच. पत्त्याची एक प्रत खोक्याच्या आतही ठेवावी. खेड्याचा पत्ता घेताना मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन कोड व मोबाईल नंबर ग्राहकाकडून लिहूनच घ्यावेत, फोनवर ऐकून लिहू नयेत.

क्रमांक म्हणजे विमा नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. माल कोठे अडला ते क्रमांक सांगतो, गेलेल्या मालाची किंमत देत नाही. पोस्टाच्या बाबतीत तर कायदाच सरकारच्या बाजूने आहे. १८९८ च्या टपाल कायद्याच्या कलम ६ ने सरकारला गहाळ वस्तूच्या जबाबदारीतून मोकळे ठेवले होते. त्याच्या जागी आलेला पोस्ट ऑफिस अधिनियम २०२३ हा १८ जून २०२४ पासून लागू झाला, त्याच्या कलम १० मध्येही नियमांनी ठरवलेल्या जबाबदारीपलीकडे पोस्ट खात्यावर जबाबदारी नाही. कर्मचाऱ्याने लबाडीने किंवा जाणूनबुजून नुकसान केले असेल तरच तो वैयक्तिक जबाबदार. म्हणून किमती मालाचा विमा उतरवावा.

खासगी कुरिअरचे कसे? रस्तामार्गे वाहतूक अधिनियम २००७ मध्ये ‘कॉमन कॅरियर’ या शब्दात कुरिअर कंपन्या येतात, सरकार येत नाही. परंतु माल पाठवताना जास्त किंमत जाहीर करून जास्त दर भरला नसेल तर कुरिअरची जबाबदारी मर्यादित राहते. पावतीच्या मागील बारीक अक्षरांकडे दुर्लक्ष करू नये. भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ठरवले की पाठवणाऱ्याने सही केलेल्या पावतीवर १०० डॉलरची मर्यादा असेल तर ती त्याला बंधनकारक आहे. जर्मनीला पाठवलेली कागदपत्रे न पोचल्यामुळे झालेले नुकसान त्याहून फार मोठे होते, तरी १०० डॉलरच मिळाले.

मग साधे टपाल कधीच वापरू नये काय? तसे आम्ही म्हणणार नाही. नमुन्याची पुडी, दरपत्रक, शंभर रुपयांच्या आतील वस्तू, जुने ओळखीचे गिऱ्हाईक, अशा ठिकाणी ते चालेल. मात्र ऑर्डर घेतानाच ग्राहकाला दोन्ही दर सांगावेत व साधे टपाल त्याने निवडले तर हरवल्यास काय करायचे, पुन्हा पाठवायचे की अर्धे पैसे परत, हे त्याच्याकडून लेखी, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, मान्य करून घ्यावे. नव्या ग्राहकाला व ज्याची किंमत परत देणे आपल्याला जड जाईल अशा मालाला ही सवलत देऊ नये. टपालखर्च किमतीत लपवण्यापेक्षा वेगळा दाखवावा, म्हणजे तीस रुपये कशाचे ते त्यालाही कळते.

माल अडकलाच तर थांबून राहू नये. नोंद तीन-चार दिवस पुढे सरकली नाही की पोस्टाकडे किंवा कुरिअरकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा व तो ग्राहकाला कळवावा. शांत ठेवलेला ग्राहक १९३० ला फोन करीत नाही. कुरिअर किंवा ट्रान्सपोर्ट कंपनीवर दावा लावायचा असेल तर २००७ च्या अधिनियमाच्या कलम १६ प्रमाणे माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत कंपनीला लेखी नोटीस द्यावी लागते, ती दिली नसेल तर दावा चालत नाही. ही नोटीस रजिस्ट्रेशनच्या जोडीसह स्पीड पोस्टाने पाठवावी व पोचल्याची नोंद छापून दप्तरी ठेवावी.