रानातला नरक्या आणि घशाचा कर्करोग

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरी गेले की तिथल्या रानात नरक्याचे झाड आढळते. त्यात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य असते. १९६६ साली मन्रो वॉल व आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी ते एका चिनी झाडातून वेगळे काढले. १९७२ साली ते नरक्यातही सापडले.

पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्यातील अनुवंशद्रव्याचा पीळ सैल व्हावा लागतो. त्यासाठी एक विकर धागा कापते व पुन्हा सांधते. हे द्रव्य त्याला सांधू देत नाही, पेशी मरते.

मग घसा बसलेल्या गड्याने नरक्याची साल उकळून प्यावी काय? मुळीच नाही. काचेच्या बशीत नुसती पेशी असते. माणसाला रक्त, आतडी, मूत्राशय असते. पहिल्या चाचण्यांत रोग्यांना इतका अपाय झाला की त्या थांबवाव्या लागल्या. मूळ द्रव्यात फेरफार करून केलेल्या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली ती तीस वर्षांनी, १९९६ साली. तीही आतड्याच्या व अंडाशयाच्या कर्करोगावर, घशाच्या नव्हे.

महाडच्या कारखान्यांच्या दारांत विडी-तंबाखू आम्ही रोज पाहतो. कामगार बंधूंना आमचे सांगणे एवढेच: ती सोडा, आणि आवाज तीन आठवडे घोगरा राहिला तर काढे करीत बसू नका, डॉक्टरांना घसा दाखवा. वेळीच सापडलेला हा रोग पुष्कळदा बरा होतो.