विश्लेषण : ६८०० आरपीएमला ताकद देणारी जुनी ‘सिटी व्हीटेक’, कल्याणच्या ट्रॅफिकमध्ये अशी गाडी सांभाळणे अवघड का?

कल्याण-शीळ रस्त्यावर संध्याकाळी सातला पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जायची वेळच येत नाही. मेट्रोची कामे, अरुंद झालेल्या मार्गिका, मधेच घुसणाऱ्या रिक्षा. अशा गर्दीत एखादी २००१-०२ सालची होंडा सिटी दिसते. पाठीवर ‘व्हीटेक’ लिहिलेली, रंग उडालेला, पण आवाज अजून खणखणीत. ही गाडी स्पोर्ट्स कार म्हणून विकली गेली नव्हती. मात्र तिच्या बॉनेटखाली स्पोर्ट्स कारच्या स्वभावाचे इंजिन होते, आणि त्या स्वभावाचे सगळे नखरेही. आता वयाची वीस वर्षे उलटल्यावर नोंदणीचे नूतनीकरण आणि ई२० पेट्रोल असे दोन नवे प्रश्न मालकांसमोर आले आहेत.

‘हाय-रेव्हिंग’ म्हणजे नेमके काय?

इंजिनची ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्यांचा वेग. ताकद वाढवायची तर प्रत्येक स्फोट मोठा करायचा (मोठे इंजिन किंवा टर्बो), नाहीतर स्फोट जास्त वेळा घडवायचे. होंडाने दुसरा रस्ता निवडला. भारतात २००० मध्ये आलेल्या सिटी व्हीटेकचे इंजिन १४९३ सीसीचे होते आणि ते १०६ बीएचपी ताकद देत असे. पण कधी? तर ६८०० आरपीएमला. म्हणजे क्रँकशाफ्ट सेकंदाला ११३ वेळा फिरत असताना.

याच घराण्यातली खरी स्पोर्ट्स कार म्हणजे होंडा एस२०००. १९९९ मध्ये जपानमध्ये आलेली, दोन आसनांची, उघड्या टपाची. तिचे दोन लिटरचे इंजिन टर्बोशिवाय ९००० आरपीएमच्या आसपास पोहोचत असे. त्या वेगात पिस्टन सरासरी सेकंदाला २५ मीटर धावतो. रस्त्यावरच्या गाडीसाठी हा आकडा आजही चक्रावून टाकणारा आहे. ती भारतात अधिकृतपणे विक्रीला आलीच नाही. इथल्या मध्यमवर्गाला त्या तंत्राची चव मिळाली ती सिटीतूनच.

व्हीटेक काय करते?

कमी वेगात व्हॉल्व्ह थोडे आणि थोडाच वेळ उघडले तर इंजिन शांत चालते आणि पेट्रोल वाचते. जास्त वेगात मात्र हवा आत यायला वेळच उरत नाही. ६००० आरपीएमला एक फेरी १० मिलिसेकंदांत संपते. तेव्हा व्हॉल्व्ह जास्त उचलले जायला हवेत. एकच कॅम दोन्ही कामे नीट करू शकत नाही, म्हणून होंडाने एकाच शाफ्टवर दोन प्रकारचे कॅम बसवले. ठरावीक आरपीएमला एक सोलेनॉइड उघडतो, इंजिन ऑइलचा दाब एका छोट्या पिनला ढकलतो, पिन रॉकर आर्म एकमेकांना जखडते आणि व्हॉल्व्ह मोठ्या कॅमच्या तालावर नाचू लागतात. १९८९ मध्ये जपानमधील इंटेग्रात हे तंत्र पहिल्यांदा आले. सिटीत त्याची साधी आवृत्ती होती, फक्त इनटेक व्हॉल्व्हसाठी.

या रचनेतली मेख म्हणजे सगळा खेळ ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइलची पातळी खाली गेली, ते घट्ट-काळे झाले किंवा सोलेनॉइडजवळची बारीक जाळी तुंबली की व्हीटेक लागतच नाही. गाडी चालते, पण पाच हजारांनंतर ‘मेल्यासारखी’ वाटते. मालकाला वाटते इंजिन म्हातारे झाले. अनेकदा दोष फक्त ऑइलचा असतो.

मग शहरात अडचण कुठे येते?

इथे थोडे गणित. आजच्या ह्युंदाई आय२० एन लाइनचे एक लिटर टर्बो इंजिन १५०० आरपीएमपासूनच १७२ न्यूटन-मीटर टॉर्क देते. म्हणजे २००० आरपीएमला साधारण ४८ बीएचपी हाती. जुन्या सिटीचा टॉर्क त्या वेगात १०० न्यूटन-मीटर धरला, तरी मिळतात फक्त २८. पत्रीपुलाच्या चढावर चार माणसे आणि एसी घेऊन तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढायला गेले की ती हुंदके देते. गिअर खाली टाकावाच लागतो. डिझेल गाडीवरून आलेल्या चालकाला हा प्रकार वैताग आणतो. उलट जिथे इंजिनला खरी मजा येते, तिथे पोहोचेपर्यंत दुसऱ्या गिअरमध्येच शहरातली वेगमर्यादा कधीच ओलांडलेली असते.

म्हणून बरेच मालक रविवारी पहाटे मुरबाडमार्गे माळशेजकडे निघतात. घाटात दुसरा-तिसरा गिअर धरून चढताना हे इंजिन कशासाठी बनवले होते ते कळते. (पावसाळ्यात हाच घाट दरडी आणि धुक्यासाठी बदनाम आहे, तेव्हा हौसेला हंगामही पाहावा लागतो.)

पावसाचा विषय निघालाच आहे तर, ही सिटी जमिनीला फार जवळ. पाच माणसे बसली की गतिरोधकावर पोट घासते. साचलेल्या पाण्यात इनटेकमधून पाणी सिलिंडरमध्ये गेले तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेली गाडी पाण्यात पुन्हा स्टार्ट करणे हा सर्वांत महागडा उपाय. शिवाय या इंजिनला डिस्ट्रिब्यूटर आहे. त्याच्या टोपीत ओल शिरली की सकाळी गाडी खोकते.

देखभालीत काय वेगळे?

तीन गोष्टी. थंड इंजिन ताणायचे नाही. तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइलही गरम झाले असे नसते, त्याला आणखी काही किलोमीटर लागतात. दुसरे, टॅपेट. या इंजिनात हायड्रॉलिक लिफ्टर नाहीत, त्यामुळे व्हॉल्व्हची फट ठरावीक अंतराने फीलर गेजने मोजून हातानेच जुळवावी लागते. टिकटिक आवाज येतो म्हणून फट गरजेपेक्षा कमी करून देणारे मेकॅनिक भेटतात. आवाज जातो, आणि काही महिन्यांनी व्हॉल्व्ह जळतो. तिसरा टायमिंग बेल्ट. तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी स्पर्धा करू लागतो. जुनी गाडी घेणाऱ्याने बेल्ट शेवटचा कधी बदलला याचे बिल मागावे. बिल नसेल तर बेल्ट बदलायचाच आहे असे धरून भाव करावा.

आवाजाच्या हौसेपायी सायलेन्सर बदलणाऱ्यांनी कायदाही पाहावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार आवाजाचे नियम मोडल्यास १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

ई२० पेट्रोलने काय बदलले?

पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. सिटी व्हीटेक बनली तेव्हा असे इंधन कल्पनेतही नव्हते. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, त्यामुळे मायलेज घटते. जुन्या रबरी नळ्या आणि गॅस्केट यांच्याबाबत तर पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केले, की काही जुन्या वाहनांत २०-३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागू शकतात.

हाय-रेव्हिंग इंजिनाची काळजी थोडी वेगळी. संथ चालवताना ऑक्सिजन सेन्सर मिश्रण जुळवून घेतो. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर मात्र इंजिनचा संगणक सेन्सर बाजूला ठेवून आधीच ठरवलेल्या तक्त्यानुसार पेट्रोल सोडतो. हा तक्ता शुद्ध पेट्रोलसाठी लिहिलेला आहे. इंजिन थंड राखण्यासाठी ठेवलेले जास्तीचे पेट्रोल ई२० मुळे कमी पडते. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्याने नॉकिंगचा धोका घटतो, ही जमेची बाजू. तरीही नळ्या, फिल्टर आणि पंप तपासल्याशिवाय लाल पट्ट्यापर्यंत नेणे धाडसाचे आहे.

नोंदणीचे काय?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, नंतर दर पाच वर्षांनी फिटनेस तपासणी, हरित कर आणि नूतनीकरण. केंद्राने हे शुल्क २०२२ मध्ये कारसाठी ५ हजार केले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील कारसाठी ते १० हजार झाले. वयाची सरसकट बंदी महाराष्ट्रात नाही. पण मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे तपासण्यासाठी उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्याने २०२५ च्या सुरुवातीला समिती नेमली, आणि कल्याण-डोंबिवली याच प्रदेशात येते.

होंडाने स्वतः हा प्रयोग फार काळ चालवला नाही. २००३ मध्ये आलेल्या पुढच्या सिटीत ७७ बीएचपीचे, मायलेजसाठी बनवलेले इंजिन होते आणि ग्राहकांनी ती भरभरून घेतली. त्यामुळे २००० ते २००३ मधल्या गाड्यांची संख्या मुळातच मर्यादित. त्यातल्या किती एमएच-०५ आणि एमएच-०४ पाट्यांच्या गाड्या पुढच्या फिटनेस तपासणीला जातील आणि किती भंगारात, हे बहुतेक ठिकाणी एकाच मोजणीवर ठरेल : कॉम्प्रेशन टेस्ट. चारही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे आले, तर मालक १० हजार भरायला सहसा कुरकुर करत नाहीत.