आघाडीचा गडी

इ. स. १९५८ च्या जून महिन्यात फुटबॉलच्या जागतिक स्पर्धेसाठी फ्रान्सचा संघ स्वीडन देशात जाऊन दाखल झाला होता. सरावाच्या वेळी त्या संघातील एका खेळाडूचा बूट फाटला. आजच्या नामांकित खेळाडूंना बूट तयार करणारे मोठमोठे कारखाने स्वतः होऊन बूट पुरवितात, एवढेच नव्हे तर ते पायांत घालण्याबद्दल भरपूर पैसेही देतात. त्या काळी असे काही नव्हते. परक्या देशात, ऐन स्पर्धेच्या तोंडावर, पायाला नीट बसेल असा बूट कोठून आणावयाचा? सुदैवाने संघातील स्तेफान ब्र्युए या राखीव खेळाडूच्या पायाचे माप तेच होते. त्याने आपले बूट काढून दिले. ते उसने बूट घालून तो खेळाडू सहा सामने खेळला, आणि त्या सहा सामन्यांत त्याने तेरा गोल केले. एका जागतिक स्पर्धेत इतके गोल त्याच्यापूर्वी कोणी केले नव्हते. पुढे १९७० साली नाही, २००२ साली नाही, २०२२ सालीही नाही, कोणालाही ते साधले नाही. स्पर्धा संपल्यावर त्याने ते बूट ज्याचे त्याला परत केले.

या खेळाडूचे नाव जुस्त फोंतेन.

फोंतेनचा जन्म १८ ऑगस्ट १९३३ रोजी उत्तर आफ्रिकेतील मोरोक्को देशात, माराकेश या शहरी झाला. त्याचे वडील फ्रेंच होते व आई स्पॅनिश होती. मोरोक्को त्या वेळी फ्रान्सच्या अंमलाखाली होता. कासाब्लांका येथील संघातून खेळत असताना या मुलाचे गोल करण्याचे कसब फ्रान्समधील जाणकारांच्या नजरेस आले, आणि १९५३ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, समुद्र ओलांडून तो नीस या शहराच्या संघात दाखल झाला. येथून त्याच्या धंदेवाईक जीवनाला खरा आरंभ झाला असे म्हणावयास हरकत नाही.

‘धंदेवाईक’ हा शब्द आपल्याकडे कित्येकदा नाक मुरडून उच्चारला जातो. खेळाडूच्या बाबतीत मात्र त्याचा अर्थ सरळ आहे. ज्याचे पोट खेळावर चालते तो धंदेवाईक खेळाडू, आणि जो नोकरीधंदा सांभाळून केवळ आवडीपोटी खेळतो तो हौशी खेळाडू. हौशी खेळाडूचा पाय दुखावला तर त्याचा खेळ थांबतो. धंदेवाईकाचा पाय दुखावला तर त्याची चूल थांबण्याची वेळ येते. फोंतेनची हकीकत वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

त्या काळच्या फुटबॉलमध्ये आघाडीच्या फळीत पाच गडी असत. दोन्ही बगलांना एकेक, त्यांच्या आतल्या बाजूस एकेक आणि अगदी मध्ये एक. हा मधला गडी म्हणजे ‘सेंटर फॉरवर्ड’. गोल करणे हे त्याचे मुख्य काम. प्रेक्षकांना वाटते की हे काम सर्वांत सोपे. इतरांनी चेंडू आणून द्यावा आणि याने तो जाळ्यात लोटावा! वस्तुतः त्याच्याइतका अडचणीत उभा असलेला दुसरा गडी मैदानावर नसतो. त्याच्या पाठीला प्रतिपक्षाचा एक तगडा बचावपटू सतत चिकटलेला असतो. शिवाय ‘ऑफसाइड’चा नियम त्याला जखडून ठेवतो. आपल्या जोडीदाराने चेंडू पुढे टोलविला त्या क्षणी हा गडी चेंडूच्या पुढे असेल, तर त्याच्या आणि गोलरेषेच्या दरम्यान, गोलरक्षक धरून, प्रतिपक्षाचे निदान दोन खेळाडू असावे लागत. पळतच सुटून गोलरक्षकाच्या समोर जाऊन उभे राहावे, तर पंचाची शिट्टी वाजते. मागे रेंगाळावे, तर चेंडू निघून जातो. म्हणजे निघण्याचा क्षण अचूक साधला पाहिजे. डोळ्याचे पाते लवते न लवते इतकाच काय तो अवधी. आट्यापाट्यांत पाटी धरणाऱ्याला हुलकावणी देऊन निसटणारा गडी ज्यांनी पाहिला असेल, त्यांना या क्षणाचे मोल निराळे सांगावयास नको.

फोंतेन फार उंच नव्हता. चेंडू पायाशी खेळवीत चार जणांना चकविणे हा त्याचा प्रांतही नव्हे. त्याचे बळ वेगात आणि वेळ साधण्यात होते. दोन्ही पायांनी तो सारख्याच ताकदीने चेंडू मारीत असे, आणि डोक्यानेही तो गोल करी. गोलच्या आसपास चेंडू कोठे येऊन पडणार हे त्याला इतरांच्या आधी उमगत असे. १७ डिसेंबर १९५३ रोजी लक्झेंबर्गविरुद्ध फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातून तो प्रथमच खेळला आणि पहिल्याच सामन्यात त्याने तीन गोल केले. फ्रान्सने तो सामना आठ गोलांनी जिंकला. इतक्या दिमाखात पदार्पण करणाऱ्या मुलाला पुढे जवळजवळ तीन वर्षे राष्ट्रीय संघात पुन्हा बोलावणे आले नाही, हे वाचून नवल वाटते. परंतु निवड करणाऱ्यांच्या मनाचा थांग खेळाडूंना क्वचितच लागतो.

फ्रान्समध्ये रँस नावाचे एक जुने शहर आहे. तेथील भव्य मंदिरात पूर्वी फ्रान्सच्या राजांना राज्याभिषेक होत असे. १९५० नंतरच्या दशकात हे शहर फुटबॉलसाठी गाजू लागले. तेथील संघाचा आत्मा म्हणजे रेमों कोपा. पोलंडहून येऊन फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या खाणकामगाराचा हा मुलगा लहान वयात स्वतःही कोळशाच्या खाणीत उतरला होता, आणि तेथील अपघातात त्याच्या हाताच्या एका बोटाला तो मुकला होता. १९५६ साली माद्रिदच्या रेआल माद्रिद या बलाढ्य संघाने कोपाला आपल्याकडे घेतले. त्याच्या जाण्याने पडलेले खिंडार बुजविण्यासाठी रँसने नीसहून फोंतेनला आणले. १९५७-५८ च्या हंगामात रँसने फ्रान्समधील साखळी स्पर्धा व चषक स्पर्धा दोन्ही जिंकल्या, आणि साखळी सामन्यांत सर्वांहून अधिक गोल केले ते फोंतेनने. त्याच हंगामाच्या मध्यावर त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती! त्यामुळे काही आठवडे सक्तीची विश्रांती मिळाली, आणि जूनमध्ये इतर खेळाडू हंगामाच्या श्रमाने थकलेले असताना तो ताजातवाना होता.

स्वीडनमध्ये कोपा व फोंतेन राष्ट्रीय संघात एकत्र आले आणि दोघांची विलक्षण जोडी जमली. कोपा चेंडू घेऊन थोडा मागे राही. प्रतिपक्षाचे गडी त्याच्याकडे ओढले जात. ते ओढले गेले की त्यांच्या मागे मोकळी जागा तयार होई. नेमक्या त्या जागेत कोपा चेंडू सोडी आणि नेमक्या त्याच क्षणी फोंतेन तिकडे झेपावलेला असे. एक जण जागा निर्माण करीत होता, दुसरा तिचा उपयोग करीत होता. फोंतेनच्या तेरा गोलांत कोपाचा वाटा किती, हे गोलांच्या कोष्टकात कोठेही दिसत नाही.

८ जून रोजी पॅराग्वेविरुद्ध फ्रान्सने सात गोल केले. त्यांपैकी तीन फोंतेनचे. युगोस्लाव्हियाविरुद्ध फ्रान्स हरला, पण फ्रान्सचे दोन्ही गोल त्याचेच होते. स्कॉटलंडविरुद्ध एक, उत्तर आयर्लंडविरुद्ध दोन. अशा रीतीने फ्रान्स उपान्त्य सामन्यात पोहोचला, आणि तेथे गाठ पडली ती ब्राझीलशी.

२४ जूनचा हा सामना अनेक दृष्टींनी संस्मरणीय ठरला. तोपर्यंतच्या चार सामन्यांत ब्राझीलवर एकही गोल झालेला नव्हता. दुसऱ्याच मिनिटाला ब्राझीलने गोल केला. पण नवव्या मिनिटाला फोंतेनने तो फेडला. त्या स्पर्धेत ब्राझीलवर झालेला हा पहिला गोल. सामना बरोबरीत चालला असता फ्रान्सचा कर्णधार आणि बचावाचा आधारस्तंभ रोबेर जोंके याच्या पायाचे हाड धक्क्याने मोडले. जखमी खेळाडूच्या जागी दुसरा उतरविण्याची मुभा जागतिक स्पर्धेत १९७० सालापासून मिळाली. १९५८ मध्ये ती नव्हती. मोडलेला पाय घेऊन जोंके मैदानाच्या कडेला लंगडत उभा राहिला, आणि फ्रान्सचे दहाच गडी उरले असे म्हणावयाचे. पुढे सतरा वर्षांच्या पेले नावाच्या एका मुलाने तीन गोल केले आणि ब्राझीलने पाच विरुद्ध दोन गोलांनी सामना जिंकला. जोंकेचा पाय शाबूत राहिला असता तर काय झाले असते, हा प्रश्न फ्रान्समध्ये पुढे वर्षानुवर्षे विचारला गेला. पेलेचा त्या दिवशीचा खेळ पाहता उत्तर फ्रान्सच्या बाजूनेच लागले असते, असे मात्र नाही.

तिसऱ्या क्रमांकासाठी २८ जूनला गोथेनबर्ग येथे पश्चिम जर्मनीशी सामना झाला. फ्रान्सने तो सहा विरुद्ध तीन असा जिंकला आणि फोंतेनने एकट्याने चार गोल केले. या सामन्यात फ्रान्सला एक पेनल्टीही मिळाली होती. ती कोपाने घेतली. आज एखादा खेळाडू विक्रमाच्या इतका जवळ असता, तर सगळ्या मैदानाने त्याच्याच नावाचा घोष केला असता. त्या दिवशी मात्र अशा विक्रमांचा फारसा गाजावाजा होत नसे. सर्वाधिक गोलांबद्दल फोंतेनला काय मिळाले? एका स्वीडिश वृत्तपत्राने त्याला हवेच्या दाबाने छर्रे उडविणारी एक बंदूक भेट दिली!

या वेळी तो पंचवीस वर्षांचाही झाला नव्हता. पुढच्याच वर्षी रँसचा संघ युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. तेथे रेआल माद्रिदने त्यांना हरविले. कोपा त्या दिवशी रेआलच्या बाजूने खेळत होता. त्या स्पर्धेतही सर्वाधिक, म्हणजे दहा गोल फोंतेनचे होते. नंतर कोपा रँसला परतला, आणि आता ही जोडी वर्षभर एकत्र खेळणार म्हणून रँसचे लोक हरखून गेले.

परंतु २० मार्च १९६० रोजी सोशो येथील सामन्यात प्रतिपक्षाच्या एका खेळाडूशी झालेल्या धडकेत फोंतेनचा पाय मोडला. नडगीच्या हाडाला त्वचेखाली मांसाचे आच्छादन जवळजवळ नसतेच. धावत्या माणसाच्या पायावर वेगाने आघात झाला तर ते सहज मोडते, आणि सांधले गेले तरी पूर्वीचे बळ येण्यास महिनोन्‌महिने लागतात. फोंतेनने ते महिने धीराने काढले. डिसेंबर १९६० मध्ये त्याने फ्रान्सचा पोशाख पुन्हा अंगावर चढविला. १ जानेवारी १९६१ रोजी, नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी, लिमोजविरुद्धच्या सामन्यात तोच पाय पुन्हा मोडला. या वेळी तो पूर्ववत झाला नाही. १९६२ च्या उन्हाळ्यात, एकोणतिसावे वर्ष पुरे होण्याच्या आतच, त्याने खेळणे सोडले. राष्ट्रीय संघातर्फे एकवीस सामने आणि तीस गोल, एवढा हिशेब मागे राहिला.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला विचार करावयास वेळ मिळतो. त्या काळी फ्रान्समधील धंदेवाईक खेळाडू एकदा संघाशी करार करी, तो वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत त्या संघाशी बांधला जाई. अठराव्या वर्षी सही करणाऱ्या मुलाने आपल्या आयुष्याची सतरा वर्षे एका सहीने देऊन टाकलेली असत. संघाला वाटले तर संघ त्याला दुसरीकडे धाडी. त्याला स्वतःला मात्र जाता येत नसे. फोंतेनने कामरूनचा खेळाडू यूजेन न्जो-लेआ आणि वकील जाक बेर्त्रां यांच्यासमवेत नोव्हेंबर १९६१ मध्ये धंदेवाईक फुटबॉल खेळाडूंची संघटना स्थापन केली, आणि तोच तिचा पहिला अध्यक्ष झाला. स्वतः न्जो-लेआ कायद्याचा अभ्यासक होता. फोंतेनला या संघटनेपासून मिळण्यासारखे काही उरले नव्हते. त्याचा पाय तर गेलाच होता. १९६३ साली कोपाने एका नियतकालिकात खेळाडू हे गुलाम आहेत असे उघडपणे लिहिले आणि त्याबद्दल फुटबॉलच्या अधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. अखेर १९६९ साली ठरावीक मुदतीचे करार फ्रान्समध्ये सुरू झाले. मुदत संपली की खेळाडू आपल्या मर्जीचा धनी. आज एका संघातून दुसऱ्या संघात जाणाऱ्या खेळाडूंच्या बातम्या रोज छापून येतात. त्या वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ही हकीकत ठाऊक असते.

पुढे फोंतेन प्रशिक्षक झाला. १९६७ साली फ्रान्सचा राष्ट्रीय संघ त्याच्या हाती सोपविण्यात आला, पण दोनच सामन्यांत, दोन्ही गमावून, ते काम सुटले. पॅरिस सेंट-जर्मेन या संघाला त्याने १९७४ साली वरच्या श्रेणीत नेले, आणि आपल्या जन्मभूमीच्या, मोरोक्कोच्या, संघाला १९८० च्या आफ्रिकी चषक स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवून दिला. उतारवयात तो तुलूझ शहरी राहत असे. १ मार्च २०२३ रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, तेथेच त्याचे निधन झाले.

त्याच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, कतार येथे जागतिक स्पर्धा झाली होती. किलियन एम्बापे याने त्या स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे आठ गोल केले. लिओनेल मेस्सीच्या जागतिक स्पर्धांतील गोलांची संख्या याच स्पर्धेत तेरावर पोहोचली. तो तेराचा आकडा गाठण्यास त्याला २००६ पासूनच्या पाच स्पर्धा आणि सव्वीस सामने लागले होते.